अळूचं पान, उलटं

पहिला हात नेहमीच वाईट दिसतो.
खालचं करडं प्लास्टिक डोकावतं,
ब्रशचे ओरखडे, मधेच एक ओघळ,
बघणारा म्हणतो, बिघडवलंत.
बघणाऱ्याला चहा द्यावा आणि गप्प बसावं.

तीस वर्षं रबाळ्याच्या रंगकारखान्यात
मी छटा जुळवल्या:
कुणाच्या बंगल्याचं फाटक, कुणाचा टेंपो,
एका बँकेचा निळा, जो दर दोन वर्षांनी
त्यांच्या साहेबाबरोबर बदलायचा.
तेव्हा रंग डब्यांनी मोजायचे.
आता थेंबांनी.

विमान माझं नाही.
खालच्या मजल्यावरच्या हिराजी मढवींचं आहे,
हवाई दलात फिटर होते.
वीतभर लांबी, खोक्यातून आलं तेव्हा बावन्न तुकडे.
जोडले त्यांनीच, कसेबसे,
डाव्या पंखाच्या सांध्यात डिंकाचं बोट अजून दिसतं.
मग ब्रश धरला, आणि हात
ट्रक जाताना ऐरोलीचा पूल हलतो
तसा हलायला लागला.
वर आले. चपला दाराबाहेर काढून म्हणाले,
"मॅडम, रंगाचं तुमच्याकडे."

श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात ओला स्पंज,
स्पंजावर बटर पेपर. त्यावर रंग दोन तास जिवंत राहतो.
पाणी घालत जायचं. किती?
पाहुणे वाढले की आमटीत घालतो तितकं नाही,
बाळाच्या वरच्या दुधात घालतो तितकं.
ब्रश बुडवायचा, आणि जुन्या गाऊनच्या चिंधीवर
जवळजवळ सगळा पुसून टाकायचा.
उरेल तेवढ्यानेच रंगवायचं,
एका दिशेने. मागे फिरायचं नाही.
फिरलात तर ओला थर उचलून येतो
सायीसारखा.
धूळ बसू नये म्हणून पंखा बंद.
ह्यांनी पेपर घेऊन
बाल्कनीत बदली करून घेतली आहे.

तक्त्यात हिरव्याला नंबर होता.
मी तोच मिसळला, दाखवला.
"हा कारखान्यातून आलेला हिरवा," मढवी म्हणाले,
"आमचं विमान तेजपूरच्या उन्हात चार वर्षं उभं होतं."
मग कसा?
ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.
"अळूचं पान असतं ना, मॅडम.
उलटं करा."

दिवा गावातल्या बाजारातून जुडी आणली.
एक पान दिव्याखाली, बाकीच्यांचं फदफदं करायचं ठरलं.
हिरव्यात पांढरा, मग पिवळ्या मातीचा अर्धा थेंब,
मग काळा, ब्रशच्या टोकाला लागला न लागला इतका.
दुपारपर्यंत पान सुकलं
आणि मला फसवायला लागलं.
विळीखालून दुसरं सोडवून आणलं.

दुसरा हात. तिसरा. मधे चाळीस चाळीस मिनिटं,
त्यात भाकरी होते, फोन होतो, एक डुलकीही.
चौथ्याला प्लास्टिक लपलं.
पाचव्याला जड दिसायला लागलं, लोखंडाएवढं,
उचलताना मी उगीच दोन्ही हात लावले.
सहावा निव्वळ हौसेने दिला, कबूल करते.

मढवींनी भिंग लावून पाहिलं,
पोटाखालून, शेपटीकडून.
एकही ओरखडा नाही, मीच म्हणाले.
"नाही," ते म्हणाले. "आमच्याला होते.
दुरुस्तीनंतर आम्हीही हातानेच मारायचो,
चार इंची ब्रशने, सकाळच्या आत."
मग करंगळी पंखाच्या मुळाशी नेली.
हलत होती, म्हणून टेकवली नाही.
"इथे पाय द्यायचो मी वर चढताना. डावा.
इथला रंग कधी टिकला नाही."

रात्री भांडी आवरून
दिवा परत लावला.
इतकं पाणी घालून, इतकं थांबून चढवलेलं
टूथपिकने खरवडलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
खालून करडं प्लास्टिक आलं.
त्यावर चंदेरीचा एक हात दिला, पातळ,
आणि दुसरा दिला नाही.