उपपद

मंगळवार, संध्याकाळचे सात. खोली एकशे चौदा.
नेब्रास्काचा वारा मक्याच्या खुंटांवरून सरळ येतो,
पार्किंगमधल्या गाड्या गदागदा हलवतो.
आत अकरा जण. सहा जण मांसाच्या कारखान्यातून थेट आलेले,
हात धुऊनही बोटांना शीतगृह चिकटलेलं.
पेन धरतात सुरीसारखं, मूठ आवळून.

मी फळ्यावर लिहिते : अ. द.
चिमूटभर अक्षरं,
पण एकोणीस वर्षांत इतकं कुणी छळलेलं नाही.
पहिल्यांदा नाव निघालं की अ.
दोघांनाही ठाऊक झालं की द.
अ डॉग आला. द डॉग भुंकला.
एउसेबियो हसतो. म्हणतो, आमच्या शिफ्टमध्ये
ओळख व्हायला एवढा कमी वेळ लागत नाही.

नॉ मू पॉ हात वर करत नाही, उभीच राहते.
वाचते : आय हॅड द हाउस बाय द रिव्हर.
मी म्हणते, अ हाउस.
आम्हाला अजून कुठं माहीत आहे ते घर?

ती वहीकडे बघते, मग माझ्याकडे.
"मला माहीत आहे," मोजून आणलेल्या इंग्रजीत.
"द हाउस. बांबू मी तोडला.
पायऱ्या सात. चौथी वाजते.
नवरा रात्री येतो, चौथी पायरी मला सांगते."
येतो, म्हणाली. यायचा, असं नाही.
काळाची ती चूक मी तशीच ठेवली.

मग तिनंच विचारलं,
जळालं तर? जळाल्यावर पुढे काय लावायचं?

पान बेचाळीसवर तक्ता आहे.
नद्या, समुद्र, सूर्य, वर्तमानपत्रं : द.
जळालेली घरं त्यात नाहीत.

परीक्षा संगणक तपासतो, अर्धा गुण जाईल,
एवढं तरी सांगायला हवं होतं. सांगितलं.
"जाऊ दे," ती म्हणाली, आणि खाली बसली.

रविवारी भावानं आईचं शेतावरचं घर विकायला काढलं.
जाहिरात त्यानंच लिहिली, शब्दागणिक पैसे म्हणून आखडून :
अ हाउस. तीन खोल्या, विहीर, धान्याचं कोठार.
मी स्वयंपाकघरात उभी राहून ते तीनदा वाचलं.
पणजोबा बोहेमियातून आले, मरेपर्यंत चेकच बोलले.
त्यांच्या भाषेत अ नाही, द नाही.
घर म्हणायचे, आणि सगळ्यांना कळायचं कुठलं.
भावाला फोन लावला.
विहिरीला झाकण बसवलंस का, एवढंच विचारलं.

पुढच्या मंगळवारी नॉ मू पॉ पुन्हा उभी राहिली.
आय रेंट अ अपार्टमेंट.
अन, मी म्हटलं. अन अपार्टमेंट.
"अन," तिनं खोडून नीट लिहून घेतलं.
त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.