नारिंगी खांब

तिच्या कुंपणाला लागून, चार फूट खोल,
ती केबल मीच पुरली, सहा उन्हाळ्यांपूर्वी.
काचेचे केसाएवढे धागे,
एका शहरातून निघून दुसऱ्या शहरात उतरणारे.
वर नारिंगी खांब: खोदू नका.
ओरिसिया ह्नात्युकने तेव्हा आम्हाला गार पाणी दिलं
आणि विचारलं, ह्यातलं मला काही मिळेल?
मी म्हणालो, मिळेल की.
मला काय माहीत! मी चर खणणारा माणूस.

आता तिच्या मधाच्या शेडमध्ये
कार्डाचं यंत्र विचार करत बसतं.
गिऱ्हाईक आधी हवामानावर बोलतं, मग मधमाश्यांवर,
मग बोलणं संपतं.
पडद्यावरचं चाक फिरतच असतं.
राहू द्या, ती म्हणते, पुढच्या वेळी द्या.
पुढच्या वेळा तिने वहीत मांडल्या आहेत,
सात पानं.

बिल मात्र कधी अडकत नाही.
रेजायनातला भाचा भरतो त्याच्या अडीचपट,
आणि वेग थिजलेल्या मधाचा.
कंपनीच्या पत्रात कारण एका शब्दाचं:
अंतर.

जानेवारीत दरांची सुनावणी होती, फोनवरून.
उणे एकतीस.
धान्याच्या पडक्या कोठारामागे चढ आहे,
तिथे रेंजच्या दोन काड्या येतात.
पिकअपचं इंजिन चालू ठेवून तिने हातमोजा काढला.
मी शेजारी, थर्मास धरून.
"मी दर आठवड्याला दोनशे चाळीस किलोमीटर
मध घेऊन शहरात येते," ती म्हणाली,
"बरणी इथे बारा डॉलर, तिथेही बाराच.
अंतर मी बरणीत भरत नाही.
मग तुमचं अंतर माझ्या..."

लाईन गेली.

ती फोनकडे बघत राहिली बराच वेळ.
मग हसत सुटली, काच आतून धुरकटेपर्यंत.
त्यांच्या नोंदीत काय गेलं असेल?
अर्जदार गैरहजर, बहुधा.

परतताना खांब दिसला, गळ्यापर्यंत बर्फात.
ती उतरली, बुटाने बर्फ उकरू लागली.
कुणाचं यंत्र ह्याच्यावरून गेलं
तर तिकडची शहरं मुकी होतील ना?
होतील, मी म्हणालो, आणि फावडं घेऊन उतरलो.

घरी आल्यावर तिने वही काढली.
आठव्या पानावर, सावकाश अक्षरात:
कंपनी. खांबाची राखण, सहा हिवाळे.
येणे.