दारं धरताना

जुबेलच्या कॅम्पात, सी ब्लॉकच्या जिन्याखाली
झाडू, फिनेलचे कॅन आणि एक लोखंडी कपाट.
कपाटात स्विच. अठ्ठेचाळीस पोर्ट,
त्यातले एकतीस जिवंत, हिरवे, डोळे मिचकावणारे.
किल्ली माझ्या गळ्यात, आयकार्डाच्या दोरीला.

सोमवारी ताहिरसाहेबांची मेल आली:
लाइन तीच, माणसं आता साडेसहाशे.
दर खोलीच्या पोर्टला दोन मेगाबिट. वर नाही.
एक ते चार सोडून. ते व्हिलाचे.

मी क्लास लिहिला, पॉलिसी लिहिली, पोर्टांना लावली.
मर्यादा घालायच्या आज्ञेचं नाव
या यंत्राच्या भाषेत 'पोलीस' आहे. खरंच.
पोलीस, इतके इतके बिट, त्यावर आलं तर ड्रॉप.
एंटर मारताना बोट अडखळलं नाही,
हेही इथे लिहून ठेवतो.

आमचे अण्णा पाटकरी होते, चारी नंबर नऊवर.
खांद्यावर फावडं, कमरेला गेटची चावी,
रात्री दोनला कुणाच्याही बांधावर उभं राहून
"पुंजाबा, पाळी संपली तुझी" म्हणायचे
आणि पुंजाबाच्या सात पिढ्यांच्या शिव्या
बिडीच्या धुराबरोबर गिळायचे.
पण अण्णांचं जास्तीचं पाणी ओढ्याला जायचं.
कुणाच्या तरी म्हशी त्यात बसायच्या,
कडेला आपोआप अळू फुटायचं.
माझं ड्रॉप झालेलं पॅकेट कुठेच जात नाही.
त्यानं वाळूसुद्धा ओली होत नाही.

गुरुवारची रात्र. उद्या सुट्टी.
खोली सतरा, आठ माणसं, एक पोर्ट.
भगीरथ लांडे, वेल्डर, फोन डोळ्यांशी धरून:
लेकीचा दात पडलाय, ती तोंड उघडून दाखवतेय,
आणि तोंडाच्या जागी करडे चौकोन.
"वरचा का खालचा गं? वरचा का..."
वरच्या बंकवर किशन महतो सिनेमा उतरवतोय.
खाली नासिरुद्दीनचा फलंदाज
बॅट उचलून तसाच उभा, दहा मिनिटं.

जेवणाच्या रांगेत सगळे मलाच धरतात:
"भाऊ, नेट मेलं का?"
"समुद्रातली केबल तुटली असेल," मी म्हणतो
आणि डाळ वाढून घेतो.
समुद्र काही बोलत नाही. त्याच्यावर आधीच बरेच आळ आहेत.

शुक्रवारी दुपारी, कॅम्प मशिदीत किंवा झोपेत,
मी जिन्याखाली पालथ्या बादलीवर बसलो.
दोनाचे तीन करायचा अधिकार मला नाही.
पण त्या दोनात आधी कोण, नंतर कोण,
हे मेलमध्ये कुठेच नव्हतं. दोनदा वाचली.
पोलीस काढला. त्या जागी रांग लावली.
रांगेत पहिला आवाज.
आवाजाला लागतं किती? शंभर किलोबिटही पुष्कळ.
मग चेहरे. मग क्रिकेट.
सिनेमा सगळ्यांत शेवटी, त्यानं थांबावं, मरू नये.
चेहरा फुटला तर फुटो,
"हं" आणि "मग?" पोचले पाहिजेत.

पोर्टाच्या वर्णनाच्या रकान्यात लिहिलं: चारी ९.
रियाधहून आलेल्या ऑडिटरनं विचारलं, हे काय?
म्हटलं, केबलच्या कंपनीचं नाव.
त्यानं ते नीट टिपून घेतलं.

माझी खोली एकतीस. तोही पोर्ट दोनवरच.
आमचं रानही चारीच्या टेलला होतं,
आई त्यावरून अण्णांना आयुष्यभर बोलली.

भगीरथनं सांगितलं, वरचा. समोरचा, वरचा.
चित्र काळं झालं होतं, पण ऐकू आलं.
किशनचा सिनेमा मात्र एकसष्ट टक्क्यांवर अडकलाय,
आज तिसरा दिवस.
आता तो समुद्रावर विश्वास ठेवत नाही.
जिन्याखालच्या कुलपाकडे बघतो, मग माझ्या गळ्याकडे.