जडसंग्रह

कोरझान नावाचा देश नाही.
पण त्याच्या फौजेचा स्टोअरकीपर मी होतो,
उम अल क्वैनच्या औद्योगिक भागात, गाळा नंबर चौदा,
शेजारी मासळीसाठी बर्फ पाडणारा कारखाना.

सरावाला शत्रू लागतो.
खऱ्या देशाचं नाव घेतलं तर वकिलातीतून पत्र येतं,
म्हणून कुणीतरी एसीत बसून एक देश काढला,
त्याला झेंडा दिला, हिरव्यावर पांढरा ससाणा
(ससाण्याला डोळा द्यायचा राहून गेला)
आणि कंत्राट आमच्या कंपनीला.

मी वही आखली.
पायदळाच्या तीन पलटणी, दर पलटणीत चार कंपन्या, कागदावर.
प्रत्यक्षात सगळे मिळून चारशे बारा,
लेबर कॅम्पातून उचललेले, रोजी नव्वद दिरहम, जेवण आमचं.
रणगाडे बावीस: सोळा हवेचे, सहा प्लायवुडचे.
हवेच्यांना रात्री पुन्हा पंप मारावा लागे,
नाहीतर पहाटेपर्यंत तोफ मान टाकायची.
रायफली रबराच्या.
क्षेपणास्त्र एक. मुळात तो सांडपाण्याचा पाईप,
वर्गीसने त्याला तीन हात रंग दिला, इतक्या मायेने
की मला वाटलं, उडेलही.

सेनापती मोतालिब,
कारण त्याच्या मापाचा एकच शर्ट उरला होता
आणि त्यावर तीन तारे होते.
नौदल नव्हतं. एका खऱ्या जनरलने विचारलं, का नाही?
मी म्हटलं, साहेब, बजेट.
तो हसला नाही. त्याने लिहून घेतलं.

आदल्या दिवशी एक माणूस तापाने पडला.
गुलरहमान शिंपी मला म्हणाला, तू ये. हात वर.
एकोणीस वर्षांपूर्वी, कोल्हापूरच्या भरतीत,
एका सुभेदाराने अशीच टेप फिरवली होती.
फुगव. अजून फुगव.
दोन सेंटिमीटर कमी.
त्या दोन सेंटिमीटरांत पुढे काय काय मावलं:
बापाचं न बोलणं, मेव्हण्याचं बोलणं,
शारजाचं तिकीट.
गुलरहमान आकडा पुटपुटला, खडूने कापडावर लिहिला.
कोरझानला एवढी छाती चालत होती.

पहाटे धुकं. खारवट जमिनीत बूट रुतत होते.
आमचं काम एकच, वेळेवर हरायचं.
तरी मोतालिबने टेकाडामागून डावी पलटण फिरवली,
कुणी सांगितलं नव्हतं,
आणि वीसेक मिनिटं खरी फौज गोंधळली.
पांढऱ्या पट्टीवाला पंच शिट्टी फुंकत धावला:
असं नाही, असं नाही, ठरलंय ते करा!

मी मेलो नऊ बावीसला.
गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'मृत', अरबीत आणि इंग्रजीत.
मेलेल्यांचा तंबू वेगळा होता, तिथे गार ताक मिळे.
रोनेल नुसताच जखमी, त्याला ताक नाही.
तो पंचाशी भांडला, मला मारून टाका म्हणाला.

अकराव्या दिवशी देश जमा करून घेतला.
रणगाड्यांची हवा काढली, त्यांच्यावर लोळून घड्या घातल्या.
ससाणे उसवून गोणीत भरले.
शर्ट: दिले चारशे बारा, आले चारशे अकरा.
पुन्हा मोजले. शेरा लिहिला, 'गहाळ'.

मे महिन्यात बस सिग्नलला थांबली.
पाचव्या मजल्याच्या पराचीवर मोतालिब, हातात थापी,
अंगात तो शर्ट, उन्हाने विटलेला,
खांद्यावर तीन गडद डाग,
ताऱ्यांखालचं कापड ऊन लागायचं राहिलेलं.
त्याने मला पाहिलं.
थापी कपाळापाशी गेली, सिमेंटचा एक गोळा खाली पडला.
बसच्या काचेआड माझाही हात वर गेला,
शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

त्या रात्री वही काढली.
'गहाळ' खोडलं. लिहिलं:
वापरात.