संदर्भानुसार दुसरा अर्थ

या अधिनियमात,
संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर —

इथपर्यंत मी रोज येतो.
पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
महामार्गाचा मसुदा मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे.
'महामार्ग' सोपा निघाला:
त्यात पूल, मोऱ्या, खांदे, बाजूची गटारं
आणि शासन वेळोवेळी अधिसूचित करील ते सगळं.
अडलो पुढच्या विशेषणावर.
लवचीक म्हटलं तर वेताची छडी.
चिवट म्हटलं तर आमचे एक काका.
तग धरणारा —
हे तर दवाखान्याच्या बाकावर बोलतात,
हळू आवाजात, आतल्या माणसाबद्दल.

म्हणून सुनावणीला मीही गेलो, आगशीला.
पंचायतीच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर
शब्द मिळतो का बघत.
अभियंता तळावलीकरांनी पडद्यावर रस्ता दाखवला:
खाजणातून भराव, भरावाखाली चार नळ,
प्रत्येकी नऊशे मिलिमीटर,
दोन्ही अंगांना खारफुटीची हिरवी पट्टी,
उपखंड (ञ) प्रमाणे 'निसर्गाधारित'.

रुझार फुर्ताद उठले.
पोटऱ्यांवर चिखल, सुकून पांढरा पडलेला.
ते कोंकणीत बोलत होते, मी मनात मराठी करत होतो.
यात कुर्ली कुठल्या कलमात येते?

लोक हसले. ते थांबले, हसू संपेपर्यंत.
कुर्ल्या बांध पोखरतात, म्हणाले.
ओहोटीला मी चालत जातो.
भोक दिसलं की चिखल भरतो, पेंढा घालतो, टाचेनं दाबतो.
तुमचा कधी मोडणारच नाही म्हणता.
मग त्याला बघायला कोण जाणार?

तळावलीकरांनी नोंद घेतली.
मीही घेतली.

संध्याकाळी त्यांनी मला मानसापाशी नेलं.
चिऱ्याची भिंत, तिच्यात दोन लाकडी दारं,
शेवाळलेली, बिजागरीला गंज.
उभे राहिलो. डास होते.
मग झुवारी जराशी खाली गेली
आणि दारं उघडली, आपली आपण,
खाजणातलं पाणी कुरकुरत बाहेर पडलं.
'उदकाक वाट दिल्यार उदक दुस्मान जायना,'
रुझारबाब म्हणाले, आणि विडी शोधू लागले.

त्या रात्री लिहिलं:
(ठ) 'मानस' म्हणजे खाजण व नदी यांमधील असे दार
जे भरतीस मिटते व ओहोटीस उघडते,
कोणत्याही आदेशावाचून;
आणि त्यात, ते दार बघायला जाणाऱ्या माणसाचा
समावेश होतो.

छाननीतून परत आलं, लाल शाईत:
'मानस' — मन असा अर्थ होण्याची शक्यता. वगळावे.
'माणसाचा समावेश' — पदनाम नाही, वेतनश्रेणी नाही. वगळावे.

वगळलं.
त्या जागी 'जलनियंत्रक झडप' आली.
अडलेल्या विशेषणाला समितीनं 'आघातसह' ठरवलं,
कोशात असलेला, कुणाच्या तोंडात नसलेला शब्द.
मी सही केली. कँटीनमध्ये भजी होती, खाल्ली.

शेवटच्या मुद्रितात मात्र, कलम चौदा, पोटकलम तीन:
'भराव टाकताना मानसास बाधा पोहोचणार नाही.'
इथला राहून गेला होता.
व्याख्येशिवाय, एकटा,
सगळ्या लाल शाईतून निसटून.

पेन्सिल हातात होती.
पान उलटलं.

उद्या कधी कोर्टात कुणी विचारील, याचा अर्थ काय?
संदर्भ बघा, म्हणतील.
संदर्भ आगशीला राहतो.
वय एकाहत्तर, गुडघे दुखतात,
मुलगा जहाजावर, परतायचं म्हणत नाही.
आजची ओहोटी सव्वापाचला आहे.