पेन्सिलीच्या खुणा

भाड्यानं आणलेली पानं सोमवारी परत धाडायची,
खुणा पुसून. नाहीतर पानामागे दोन डॉलर दंड.
म्हणून वूस्टर, मॅसॅच्युसेट्समधल्या या चर्चच्या तळघरात
बॉयलरशेजारी मी खोडरबर घेऊन बसले आहे
आणि हाइगाझ तेर्झियान यांचा हात
ओळीओळीतून उचलते आहे.

तेर्झी म्हणजे शिंपी, त्यांनीच सांगितलं होतं.
आमच्याकडे दर्जी, मी म्हटलं.
मग आपण एकाच दुकानातले, म्हणाले.
आजोबा अलेप्पोत कोट शिवायचे.
नातू बासष्ट साली बोटीनं निघाला,
बर्थवर चेलो निजवला, स्वतः खाली
कुणाच्या तरी ट्रंकेला डोकं टेकून.
इथे तारेच्या कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळी.
रात्री कुंपणाच्या तारा, दुपारी चेलोच्या,
मधे केव्हातरी झोप.

आईला फोनवर सांगितलं,
चेलोवाले साहेब आहेत, त्यांच्या वाद्यवृंदाच्या वह्या सांभाळते.
तिला ऐकू आलं चेला.
कुणाचा चेला गं, तिनं विचारलं.
ते उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

त्यांच्या इंग्रजीत 'द' नव्हता. माझ्याही नसतो,
मिरजेहून निघताना आणायचा राहिला.
"ओबो, दार उघड. घर नको. दार."
आणि दंतवैद्य, बस ड्रायव्हर, पोस्टातली लुईझ,
दोन निवृत्त नर्सा, सगळ्यांना कळायचं
केवढं दार.

श्वास. पुसला.
ट्रम्बोन, जेवून या पण इतकं नको. पुसलं.
सावकाश, खाली बर्फ आहे. पुसलं.
एका पानावर कॉफीचा गोल,
तो माझ्याकडून जात नाही.

मार्चचा कार्यक्रम. ते फेब्रुवारीतच गेले,
एका मंगळवारी, सरावाला अजून तीन तास होते.
चेलो भाचीकडे, फ्रेस्नोला. ट्रकनं गेला,
या वेळी बर्थ नाही.

दुसऱ्या भागात, सगळं अगदी हळू होतं तिथे,
समासात एक ओळ आर्मेनियन अक्षरांत.
तीन दिवस मी ती पुसली नाही.
काल वॉटर स्ट्रीटवरच्या बेकरीत नेली.
मानुशाकबाईंनी पिठाचे हात पुसले, पान लांब धरलं,
वाचलं, पुन्हा वाचलं.
"गॅस बंद केला का?"
एवढंच लिहिलंय, म्हणाल्या,
आणि पावाचे पैसे घेतले नाहीत.

ती ओळ राहू दिली आहे. दोन डॉलर पाकिटात घातलेत.
पुढच्या हंगामात ओहायोत की कुठे
कुणीतरी हात उचलून त्या जागी येईल,
अक्षरं लागणार नाहीत,
वाटेल काहीतरी फार खोल सांगितलंय,
आणि जरासा थांबेल.