साडेचार

मंगळवारी हृदयवाले, गुरुवारी थायरॉइडवाले,
भूलवाले म्हणतील तेव्हा.
रामश्री कुशवाह, डबऱ्याहून बसने, सातवा महिना,
झडप अरुंद.
ज्याने त्याने आपापला अवयव तपासला,
एकाचं अक्षर दुसऱ्याला लागत नाही.

कंपूतल्या या खोलीत मी तारखा जुळवते
सोयरीक जुळवावी तशी.
हे हो म्हणाले की ते गावाला.

शेवटी आले चौघे, बुधवारी, एका टेबलाशी,
गजक खात भांडले
तिच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवरून.
ती बाहेर बाकावर,
पोट आणि गुडघ्यांमध्ये पिशवी.
दार उघडलं तर विचारलं एवढंच:
"दीदी, साढ़े चार की बस मिल जाएगी?"

फाइलीवर, सगळ्या सह्यांच्या वर,
मी तिरकं लिहिलं:
साडेचार.